पृष्ठभाग खडबडीत केला, तरी वेग का वाढला नाही?

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या युनिटमध्ये, उजेड पडला की पाण्यातला रंग तोडणाऱ्या शुद्धीकरणाच्या प्लेट्सवर काम करणाऱ्या तरुण अभियंत्याचा प्रश्न असा आहे:

"ताई, ३०४ स्टेनलेस स्टीलचे ५ बाय ५ सेंटिमीटरचे दोन पत्रे घेतले. एक बफ केलेला, एक सँडब्लास्ट केलेला. दोन्हींवर टायटॅनियम डायऑक्साइडचं सोल, म्हणजे थर चढवायचं पातळ द्रावण, डिप करून ४५० अंशांवर भाजलं. ब्लास्टिंगमुळे आरए, म्हणजे खडबडीतपणाचं माप, ०.२ वरून ३ मायक्रॉनवर गेला, पण मेथिलीन ब्लूचा (चाचणीच्या निळ्या द्रव्याचा) रंग उतरायला दोन्हींना सारखाच वेळ लागला, उलट ब्लास्ट केलेला किंचित मागेच. मग टायटॅनियमच्या पत्र्यावर ॲनोडायझिंगने (द्रावणात वीज सोडून) नॅनोट्यूब, म्हणजे ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म नळ्या, उगवल्या, १ मायक्रॉन आणि ८ मायक्रॉन लांबीच्या. त्यांच्यातही फरक जवळजवळ नाही. बीकरमध्ये ५० मिली द्रावण, १० मायक्रोमोलर, पत्रा तळाशी, वरून ३६५ नॅनोमीटरचा दिवा, मॅग्नेटिक स्टरर हळू. अर्धा रंग जायला दर वेळी ५० ते ५५ मिनिटं. पृष्ठभागाच्या पोताला खरंच काही अर्थ आहे का? आणि डाय-हाउसच्या, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या, पाण्यासाठी शेवटी कोणता पृष्ठभाग घेऊ?"

तू आकडे नीट दिलेस म्हणून उत्तर देता येतंय. नाहीतर "कोटिंग काम करत नाही" एवढ्यावर कोण काय सांगणार? मी बडोद्यात पंचवीस वर्षं धातूवर थर चढवायचंच काम करते आहे. सुरुवात प्लेटिंग आणि ॲनोडायझिंगपासून, नंतर सोल-जेल. तुझ्या लिहिण्यात मला खटकलं ते हे की पृष्ठभाग चार, एकमेकांशी काही नातं नसलेले, आणि वेळ मात्र चौघांचा एकच. चार वेगळ्या घरच्या मुलांना परीक्षेत अगदी तेवढेच गुण पडले, तर आपण मुलांआधी पेपर तपासतो. तुझाही पेपर आधी तपासू.

५० मिली द्रावण २५ चौरस सेंटिमीटरच्या पत्र्यावर उभं केलं तर त्याची उंची होते २ सेंटिमीटर, म्हणजे २०,००० मायक्रॉन. एवढ्या उंचीतल्या रंगाला खाली पत्र्यापर्यंत यायचंय. मधलं पाणी स्टररने फिरतं, पण पत्र्याला लागून पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ जागचा हलत नाही. हळू ढवळताना तो साधारण १०० मायक्रॉनचा धर. त्यातून रेणू पुढे सरकतो तो केवळ विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत जाऊन, आणि मेथिलीन ब्लूएवढ्या रेणूचा पाण्यातला विसरण गुणांक सेकंदाला सुमारे ५०० चौरस मायक्रॉन असतो. ५०० भागिले १००, म्हणजे पत्र्याकडे रंग पोचण्याचा वेग सेकंदाला ५ मायक्रॉन. २०,००० भागिले ५, म्हणजे ४,००० सेकंद. अर्धा रंग जायला त्याच्या ०.६९३ पट, म्हणजे साधारण २,७७० सेकंद. मिनिटांत सांगायचं तर ४६.

या हिशेबात मी पत्र्याचं नावसुद्धा घेतलेलं नाही. पत्र्याला टेकलेला प्रत्येक रेणू त्याच क्षणी संपतो असं धरलं, म्हणजे याहून चांगला पृष्ठभाग असूच शकत नाही असं धरलं, तरी ४६ मिनिटं लागणारच. तुला लागली ५० ते ५५. म्हणजे बफ, ब्लास्ट, छोट्या नळ्या, लांब नळ्या या सगळ्यांचं भांडण त्या उरलेल्या चार-नऊ मिनिटांपुरतं आहे, आणि एवढा फरक बीकर जरा वाकडा ठेवला तरी पडतो. स्थिर थर १०० मायक्रॉनऐवजी ८० असेल, १२० असेल, आकडा थोडा हलेल. पण तुझ्या प्रयोगाने मोजलं ते मुख्यतः तुझं ढवळणं, याबद्दल मला शंका नाही.

प्रकाशाच्या बाजूने बघितलं तरी तेच दिसतं. दिव्याची तीव्रता तू दिलेली नाहीस. चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॉट धरू, मेथिलीन ब्लूच्या आयएसओ चाचणीत तेवढीच वापरतात. ३६५ नॅनोमीटरला याचे होतात सेकंदाला सुमारे १,८०० लाख कोटी प्रकाशकण. त्याच चौरस सेंटिमीटरवर त्याच सेकंदात पोचू शकणारे रंगाचे रेणू मात्र ३ लाख कोटी. प्रकाशकण रिकाम्या हाताने परत चाललेत आणि रेणू अजून वाटेतच आहेत. अशा वेळी पत्र्यावर आणखी जागा करून काय उपयोग?

तेव्हा सगळ्यात आधी हे कर. तोच पत्रा, तेच द्रावण, स्टररचा वेग दुप्पट. वेळ कमी झाला तर माझं म्हणणं खरं. वेग आणखी वाढव, जिथे वेळ कमी व्हायचा थांबेल तिथपासून पुढे पत्र्यांची तुलना कर. ढवळायला मर्यादा येत असेल तर उलटी युक्ती कर, दिवा लांब ने किंवा करंट कमी कर. प्रकाश कमी झाला की पृष्ठभागावरची क्रिया मंदावते, पाण्यातून येणारा रंग तिला पुरून उरतो, आणि पत्र्यापत्र्यातला खरा फरक वर येतो. हे सुचायला मलाच बरीच वर्षं लागली. जास्त उजेड म्हणजे चांगला प्रयोग, असं मनात घट्ट बसलेलं असतं.

आता आरए. शॉपफ्लोअरवर तो आपल्याला इतका सवयीचा आहे की त्यालाच आपण पृष्ठभाग समजायला लागतो. आरए म्हणजे सरासरी रेषेपासून शिखरं-दऱ्या किती वर-खाली आहेत एवढंच. दोन शिखरं ५ मायक्रॉनवर आहेत की ५० वर, हे तो सांगत नाही. प्रत्यक्ष क्षेत्रफळ ठरतं उतारावरून. सगळा पृष्ठभाग ३० अंशांच्या उतारांचा असेल तर क्षेत्रफळ १.१५ पट होतं, ४५ अंशांचा असेल तर १.४१ पट. सँडब्लास्ट केलेला पत्रा हाताला कितीही खरखरीत लागला तरी या दोन आकड्यांच्या मध्येच कुठेतरी असतो. तुझा आरए पंधरा पट झाला, जागा वाढली फार तर तीस-चाळीस टक्के.

आणि ती वाढीव जागा थराखाली तशीच उरते का, हेही बघायला हवं. डिप करून पत्रा वर ओढला की ओलं सोल शिखरांवरून ओघळतं आणि दऱ्यांत साचतं. वाळताना दरीतला जाड भाग आकसतो. सोल-जेलचा एक हात काही शे नॅनोमीटरच्या वर गेला की त्याला तडे जातात, आणि भट्टीतून निघाल्यावर तिथे पापुद्रे सुटतात. शिखरं मात्र उघडी पडलेली. त्याशिवाय ब्लास्टिंगचे ॲल्युमिनाचे कण स्टीलमध्ये रुतून बसलेले असतात, तेवढी जागा आपल्या कामाला गेलीच. साध्या भिंगाखाली पत्रा तिरपा धरून बघ. बफ केलेल्यावर एकसारखा जांभळट-सोनेरी रंग दिसेल, ब्लास्ट केलेल्यावर ठिपक्या-ठिपक्यांचा आणि दऱ्यांत पांढुरका.

ब्लास्ट केलेला पत्रा मागे पडायचं आणखी एक कारण तुझ्या भट्टीत आहे. ४५० अंशांना उघडं स्टेनलेस पिवळसर-तपकिरी होतं ते तू पाहिलं असशीलच. तेच लोह आणि क्रोमियम वर टायटेनियातही, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरातही, शिरतं. प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा, जिला आपण होल म्हणतो, ही जोडी पाण्यापर्यंत पोचायच्या आत या परक्या आयनांपाशी पुन्हा एकत्र येते आणि सगळी मेहनत उष्णतेत जाते. साध्या खिडकीच्या काचेत हाच उपद्रव सोडियम करतो. दोन्हींवर उपाय एकच, खाली सिलिकाचा पातळ, दाट थर. आधी सिलिकाचा एक हात, तो भाजून मगच टायटेनिया. हा एक हात वाचवून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

स्वच्छतेचंही सांगून टाकते. माझ्याकडे डिपिंगला बसणारा कारागीर पत्रा पाण्याखाली धरून उभा करतो आणि पाण्याचा पडदा कुठे फाटतो ते बघतो. फाटला की पत्रा बाजूला: "बेन, आमां तेल छे." (ताई, यात तेल आहे.) खडबडीत पत्र्यातलं तेल गुळगुळीत पत्र्याच्या दुप्पट चिकाटीचं असतं. दऱ्यांतून ते निघत नाही, भट्टीत जळून कार्बन होतं आणि थर तिथेच उचलला जातो. ब्लास्टिंगच्या आधी डिग्रीझिंग, नंतर पुन्हा डिग्रीझिंग, दोन्ही हवं.

म्हणजे मायक्रॉनच्या मापाचा पोत निरुपयोगी का? तसं नाही. त्याचं खरं काम थराला पकड देणं हे आहे, आणि वाहत्या पाण्यात वर्षभर टिकायचं तर ती पकड लागतेच. प्रकाश अडकवून ठेवायलाही तो मदत करतो, पण त्या फायद्याला मर्यादा आहे. टायटेनियाचा अपवर्तनांक २.५ धरला आणि पाण्याचा १.३३, तर गुळगुळीत थरावरून परत जाणारा प्रकाश सुमारे ९ टक्के भरतो. पोत देऊन तू मिळवणार ते या ९ टक्क्यांतलंच काहीतरी.

क्षेत्रफळ खरोखर वाढवायचं असेल तर नॅनोमीटरमध्ये उतरावं लागतं. साधा हिशेब कर. ३०० नॅनोमीटर जाडीचा सच्छिद्र ॲनाटेजचा (हे टायटेनियाचं एक स्फटिकरूप) थर, त्यात ४० टक्के पोकळी. घन ॲनाटेजची घनता ३.९, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर माल आला सुमारे ७० मायक्रोग्रॅम. या मालाचं क्षेत्रफळ ग्रॅमला १०० चौरस मीटर असेल, आणि चांगल्या सच्छिद्र थराचं ते असतं, तर एका चौरस सेंटिमीटरच्या पोटात ७० चौरस सेंटिमीटर जागा झाली. ब्लास्टिंगने १.४ पट, इथे ७० पट. डोळ्याला मात्र हा थर आरशासारखा गुळगुळीत दिसतो आणि खडबडीतपणा मोजणाऱ्या प्रोफाइलोमीटरवर त्याचा आरए नगण्य येतो.

असा थर करायची आमची रीत सांगते, कारण कागदावर सोपी दिसते आणि हातात आल्यावर रडवते. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड, अल्कोहोल, आम्ल, थोडं पाणी, आणि त्यात ब्लॉक कोपॉलिमर, म्हणजे छिद्रांचा साचा होणारा पॉलिमर. पत्रा वर ओढताना अल्कोहोल उडून जातं आणि पॉलिमरच्या गुठळ्या आपोआप रांगेत बसतात. नंतर भट्टीत पॉलिमर जळतो आणि त्याच्या जागी काही नॅनोमीटरची भोकं उरतात. हे सगळं घडतं पत्रा हवेत असतानाच्या थोड्याशा वेळात, म्हणून त्या हवेत दमटपणा किती आहे यावर सारं अवलंबून. हिवाळ्यात, उत्तरायणाच्या सुमारास आमचे पत्रे काचेसारखे लख्ख निघायचे. तीच कृती, तेच डबे, आणि जुलै लागला की थर दुधाळ. एक अख्खा पावसाळा मी सोल बदलत बसले, पुरवठादाराला बोल लावले, पॉलिमर नवा मागवला. शेवटी एका रात्री मुसळधार पाऊस पडत असताना मुद्दाम डिप केलं आणि पत्रा डोळ्यांसमोर धरून ठेवला. खालच्या कडेला, जिथे थेंब रेंगाळतो तिथून, पांढरी साय वर चढत गेली, दहा-बारा सेकंदांत अर्धा पत्रा झाकला. हवेतलं पाणी ओल्या थरात शिरून टायटेनिया वेळेआधीच थिजवत होतं, रांग लागायच्या आतच. तेव्हापासून डिपिंगचं यंत्र ॲक्रिलिकच्या पेटीत आहे, पेटीत सिलिका जेलचे ट्रे आणि आर्द्रतामापक. काटा ५० टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय आम्ही पत्रा खाली सोडत नाही. तूही बडोद्यातच काम करतोस, तेव्हा पेटी आधी कर, सोल नंतर.

पत्रा ओढायच्या वेगाकडेही लक्ष दे. वेग दुप्पट केला तर थर दुप्पट होत नाही, साधारण १.६ पट होतो. जाडी हवी असेल तर वेगाने एकच जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात दे, मध्ये भाजून.

आणि भाजणं. भट्टीतून न गेलेला टायटेनिया स्फटिकरूप नसतो आणि जवळपास काहीच करत नाही, मग त्याला कितीही सुंदर छिद्रं असोत. ४५० अंशांच्या आसपास ॲनाटेज होतो. तापमान आणखी चढवलं की स्फटिक सुधारतात पण वाढतातही, छिद्रांच्या भिंती एकमेकींत विरघळतात, आणि पुढे रुटाइल हे दुसरं स्फटिकरूप यायला लागतं. ७० पट जागा भट्टीतल्या एका चुकीने १० पटीवर येते. मला विचारशील तर पोत आणि स्फटिक यांत निवड करायची वेळ आली तर मी आधी स्फटिक सांभाळीन. फुजिशिमा आणि होंडा यांचा १९७२ सालचा, टायटेनियावर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन करण्याचा तो प्रसिद्ध प्रयोग रुटाइलच्या एकसंध स्फटिकावर झाला होता, तिथे नॅनो असं काहीच नव्हतं.

आता तुझ्या नळ्या. १०० नॅनोमीटर आतला व्यास, केंद्राकेंद्रात १४० नॅनोमीटर अंतर, लांबी १ मायक्रॉन, तर फक्त आतल्या भिंतीची जागा साडेअठरा पट होते. ८ मायक्रॉनला जवळपास १५० पट. तुझी अपेक्षा आठपट वेगाची होती, ती चूक कुठे? रंग नळीच्या तळापर्यंत पोचत नाही असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. ८ मायक्रॉन पार करायला या रेणूला ०.१३ सेकंद लागतो, बाहेरचा १०० मायक्रॉनचा स्थिर थर पार करायला २० सेकंद. नळीच्या आत दिरंगाई नाहीच. तळाशी पोचत नाही तो प्रकाश. ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश टायटेनियाच्या पहिल्या एक-दोन मायक्रॉनमध्येच बहुतेक संपतो. खालचे सहा मायक्रॉन अंधारात उभे असतात, तिथे रंग नुसता चिकटून बसतो. २५४ नॅनोमीटरचा जंतुनाशक दिवा लावलास तर प्रकाश आणखी वरवर संपेल, काही दहा नॅनोमीटरमध्ये. पोताची खोली दिव्याच्या तरंगलांबीवरून ठरवायची असते. तुझ्या दिव्याला दीड-दोन मायक्रॉन पुरेत. त्यापुढे ॲनोडायझिंगचे तास, अमोनियम फ्लोराइड आणि ग्लायकॉल फुकट जातं, वर लांब नळ्या गुच्छ करून वाकतात आणि घासल्यावर गळतात.

नळ्या ॲनोडायझिंगनंतर भट्टीत घातल्या होत्यास का, ते तू लिहिलेलं नाहीस. घातल्या नसतील तर त्या अस्फटिक आहेत आणि ही तुलनाच बाद. फ्लोराइडच्या द्रावणाला हातमोज्यांशिवाय हात लावू नकोस, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल, फ्लोराइड कातडीला लागलं तर लावायची, टेबलावर हाताशी ठेव, कपाटात कुलपात नको.

तिसरा प्रवासी म्हणजे तो होल. रंग आला, प्रकाश आला, तरी होलला पृष्ठभागापर्यंत जिवंत पोचायचं असतं. टायटेनियात ही अडचण मध्यम आहे, पण लोहाच्या ऑक्साइडमध्ये, हेमॅटाइटमध्ये, होल २ ते ४ नॅनोमीटरच चालतं, आणि प्रकाश मात्र त्याच्या कितीतरी पट खोल शिरतो. म्हणून हेमॅटाइटला फुलकोबीसारखा बारीक फाटे फुटलेला पोत द्यावाच लागतो. तिथे पोत ही चैन नाही. "नॅनो केलं आणि वेग वीसपट झाला" असं वाचशील तेव्हा पदार्थ कोणता ते आधी बघ. झिंक ऑक्साइडच्या सळ्यांचे फोटो फार सुंदर येतात, पण आम्लात झिंक ऑक्साइड विरघळतो आणि अतिअल्कलीतही, शिवाय पाण्यात उजेडाखाली स्वतःच झिजतो. डाय-हाउसच्या पाण्यात तो मी घालणार नाही. ॲनाटेजच्या स्फटिकाच्या विशिष्ट बाजूंचं, ००१ फलकाचं, २००८ पासून बरंच बोललं जातं. ते फलक वाढवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं आणि मागे चिकटून राहिलेलं फ्लोरीन स्वतःच निकाल बदलतं. छोट्या युनिटचं ते काम नव्हे.

मेथिलीन ब्लूबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण पोत दिलेल्या पृष्ठभागाबद्दलची निम्मी फसगत इथेच होते. आपल्या बडोद्यात कलाभवन १८९० साली निघालं आणि रंगाईचं शास्त्र तिथे पहिल्यापासून शिकवलं गेलं. रंगाऱ्याला विचार, तो म्हणेल रंग चढणं वेगळं आणि रंग उडणं वेगळं. द्रावण फिकं झालं म्हणजे रंग उडालाच असं नाही, तो तुझ्या पत्र्यावर चढलेला असू शकतो. ७० पट जागा असलेला थर ७० पट रंग ओढून घेईल, दिवा न लावता. म्हणून आधी अंधारात ठेव, निदान अर्धा तास, सच्छिद्र थराला तासभर, आणि द्रावणाचा रंग स्थिरावल्यावरच दिवा लाव. चाचणी संपल्यावर पत्रा बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ठेव. निळी झाक दिसली तर वहीत लिही. ६६४ नॅनोमीटरचं शिखर नुसतं बुटकं होतंय की डावीकडे सरकतंय तेही बघ. सरकत असेल तर रेणूच्या कडा झडल्यात, गाभा शाबूत आहे. पाण्यातला ऑक्सिजन संपला तर मेथिलीन ब्लू नुसता रंगहीन रूपात जातो आणि हवा लागली की पुन्हा निळा होतो. बीकर रात्रभर उघडा ठेवून सकाळी बघणं ही फुकटातली चाचणी आहे.

याहून मोठी गोष्ट विद्युतभाराची. मेथिलीन ब्लू धनभारित आहे. टायटेनियाचा पृष्ठभाग पीएच ६ च्या आसपास उदासीन असतो, त्याहून वरच्या पीएचला ऋणभारित. म्हणून साध्या पाण्यात मेथिलीन ब्लू त्याला आवडीने चिकटतो. तुझ्या डाय-हाउसचे रिॲक्टिव्ह रंग मात्र सल्फोनेट गटांमुळे ऋणभारित असतात आणि ते पाणी सोड्यामुळे पीएच १० च्या आसपास असतं. ऋण ऋणाला ढकलतं. तू ७० पट जागा उघडून बसशील आणि गिऱ्हाईक दारातच येणार नाही. मेथिलीन ब्लूवर उत्तम निघालेला पोत प्रत्यक्ष पाण्यात सपशेल पडलेला मी पाहिलाय, आणि त्यात कोटिंगचा दोष नव्हता. तेव्हा पोत निवडायची चाचणी तुझ्या खऱ्या रंगावर घे, पीएच ५ पर्यंत उतरवून आणि न उतरवता, दोन्ही. सोबत एक बिनरंगाची चाचणीही ठेव. टेरेफ्थॅलिक आम्लाचं द्रावण प्रकाशाने पृष्ठभागावर तयार होणाऱ्या, रंग तोडणाऱ्या हायड्रॉक्सिल रॅडिकलशी भिडलं की ४२५ नॅनोमीटरला चमकतं, तिथे रंग चढण्याचा गोंधळच नाही.

खिडकीच्या काचेबद्दलही लोक विचारतात म्हणून दोन शब्द. २००१ पासून बाजारात असलेल्या स्वतः साफ होणाऱ्या काचेवरचा थर अवघा १५ नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि मुद्दाम गुळगुळीत ठेवलेला. तिथे काम पाणी पसरवायचं आहे, आणि आपल्याकडे पाऊस चार महिने. उरलेले आठ महिने सच्छिद्र थर धूळ धरून ठेवतो.

आता तुझ्या डाय-हाउसचं. गडद रंगीत पाण्यात प्लेट ठेवूच नकोस. पाण्याची शोषकता सेंटिमीटरला १ असेल तर एका सेंटिमीटरनंतर दहावा हिस्साच प्रकाश उरतो. आधी गाळ बसवणं, जैविक प्रक्रिया, जे चाललंय ते चालू दे. प्लेट शेवटच्या टप्प्यावर, फिकट झालेल्या पाण्यासाठी. त्या पाण्यात मीठ आणि बायकार्बोनेट असणार आणि ते रॅडिकल खाणार, तेवढी घट आधीच धरून चाल.

पृष्ठभाग मी असा घेईन: सपाट पत्र्याऐवजी टायटॅनियमची जाळी. जाळीच्या मिलिमीटरभर तारा पाण्याचा प्रवाह मोडतात आणि तो हट्टी स्थिर थर पातळ करतात. तुझ्या बीकरमध्ये अडलं होतं ते तिथेच, म्हणून सगळ्यात जास्त परतावा या ढोबळ पोतातून मिळेल, नॅनोमधून नंतर. जाळी आधी आम्लात हलकी खरवडून घे. मग दीड मायक्रॉनच्या नळ्या, ४५० अंशांवर दोन तास, भट्टी आपली आपण निवू दे. टायटॅनियम परवडत नसेल तर तुझी स्टेनलेसचीच जाळी, सिलिकाचा एक हात आणि वर सच्छिद्र टायटेनियाचे दोन. दोन जाळ्यांत काही मिलिमीटरच अंतर, पाणी पंपाने फिरतं.

बोअरचं पाणी वापरत असाल तर काही आठवड्यांत पांढरी खपली धरेल आणि छिद्रं आधी बुजतील. सायट्रिक आम्लाच्या पातळ द्रावणात अर्धा तास, मग साध्या पाण्याने. ब्रश लावू नका.

आणि पुढची चाचणी घेण्याआधी पत्रे किंवा जाळी रात्रभर दिव्याखाली कोरडी ठेव. कपाटात चार दिवस पडलेल्या टायटेनियावर हवेतलं तेलकट काही ना काही बसतंच, पहिली वीस मिनिटं तो तेच जाळत बसतो. सकाळी पत्र्यावर तोंडाने वाफ सोडून बघ. धुकं न धरता पत्रा नुसता ओला, पारदर्शक झाला तर तो तयार आहे.